पहिली बरी की दुसरी?

माझे भावोजी जन्मभर लोकांना एकच प्रश्न विचारत आलेत. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक भिंग सरकवायचं, ते काढून दुसरं सरकवायचं आणि मऊ आवाजात म्हणायचं, "पहिलं बरं की दुसरं?" गिऱ्हाईक म्हणतं, पहिलं. मग पहिल्याच्या जवळपासचं आणखी एक. "आता? हे बरं की मघाचं?" बाहेर काउंटरवर मी बसते. बाकावर माणसं ताटकळत असतात, घड्याळाकडे बघत उसासे टाकतात आणि आतून तोच प्रश्न त्याच मऊ आवाजात ऐकू येत राहतो. हल्ली तो मला झोपेतही ऐकू येतो.

एक मात्र कबूल करायला हवं. त्यांच्या हातचा चष्मा परत येत नाही. याचा त्यांना फार अभिमान आहे, बोलून दाखवत नाहीत इतकंच.

पण हाच माणूस स्वतःसाठी काही निवडायला निघाला की माझ्या अंगावर काटा येतो. दुकानाच्या भिंतीला रंग द्यायचा म्हणून त्यांनी दोन पांढऱ्या छटांचे दोन पट्टे मारून बघितले होते. ते पट्टे काउंटरमागे अजून तसेच आहेत. नवं गिऱ्हाईक विचारतं, भिंतीला ओल आली का? ताईला लग्नाचं विचारायलाही त्यांनी इतका वेळ लावला की शेवटी कंटाळून ताईनेच विचारलं. ताई म्हणते, तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं की 'हो' म्हणायचंही राहून गेलं.

तर अशा माणसाने डोंगरात चालवायची सायकल घ्यायची ठरवलं.

कारण होती त्यांची लेक. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती लहानपणापासून एका जागी म्हणून बसली नाही. ती लहान होती तेव्हा दुकान रविवारीही उघडं असायचं. शाळेच्या शर्यतीत ती पहिली यायची आणि बक्षीस घ्यायला जाताना प्रेक्षकांत बघायची, तर तिथे ताई असायची, मी असायचे. भावोजी अंधाऱ्या खोलीत कुणाला तरी विचारत असायचे, पहिलं की दुसरं. आता कुठे आम्ही रविवारी दुकान बंद ठेवायला लागलो, तर आता भिंगरीच दूरच्या शहरात नोकरीला निघाली होती.

दर रविवारी पहाटे ती तिची सायकल काढून गावाबाहेरच्या टेकडीवर जायची. झाडांमधून दगडधोंड्यांची पायवाट आहे, तिच्यावरून ही सायकलवेडी पोरं उड्या मारत खाली येतात. एका रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी एकदा तरी चला ना माझ्याबरोबर. आपण दोघांनी असं कधी काही केलंच नाही."

भावोजींचा घास हातातच राहिला. "माझ्याकडे सायकल कुठाय?"

"घ्या की."

"घेऊ," ते म्हणाले. ताईने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं सायकलच्या दुकानात गेलो. मला बरोबर घ्यायचं कारण ताईने स्पष्ट सांगितलं होतं, "तू जा. तुला ओरडता येतं." दुकान तसं छोटंच, पण वरपासून खालपर्यंत सायकली टांगलेल्या आणि रबराचा वास भरून राहिलेला. सायकलवाला बारीक अंगाचा, शांत डोळ्यांचा. इतका शांत की मला त्याची दया आली.

भावोजींची नजर आधी गेली ती पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग असलेल्या झगमगीत सायकलीवर. भिंगरीने त्यांचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. "बाबा, आपल्या बजेटमध्ये मागचं स्प्रिंग म्हणजे नुसता नखरा. वजन वाढतं आणि वर्षभरात करकरायला लागतं. पहिल्या सायकलीला पुढे स्प्रिंग पुरे, मागे काही नको. याला हार्डटेल म्हणतात."

"मग मागचा धक्का कोण सोसणार?"

"तुमचे गुडघे," भिंगरी म्हणाली.

यावर सायकलवाला हसला. तो त्याचा शेवटचा हसरा रविवार. कारण मग भावोजी सुरू झाले. ब्रेक तारेचे बरे की तेलाचे? दोन सायकली शेजारी शेजारी लावून त्यांनी आधी हिचा ब्रेक दाबला, मग तिचा, मग डोळे मिटून पुन्हा हिचा. गिअरला पुढे एकच दात्यांचं चाक बरं की तीन? माप मधलं की मोठं? सायकलवाल्याने त्यांना दांडी दोन पायांत घेऊन उभं केलं, दांडीच्या वर किती जागा राहते ते बघितलं आणि म्हणाला, "मधलं माप, साहेब. अगदी बरोबर." भावोजी म्हणाले, "मोठं एकदा बघू." मग दुकानामागच्या मोकळ्या जागेत हिच्यावरून एक फेरी, तिच्यावरून एक फेरी. परत येऊन म्हणतात, "आता पहिली पुन्हा दाखवा."

पुढच्या रविवारी भिंगरी आली नाही. तिचेही इथले थोडेच रविवार उरले होते, मित्रमैत्रिणी टेकडीवर वाट बघत होत्या. भावोजी आणि मी दुकानात. तारेचे ब्रेक बाद झाले, तेलाचे ठरले. मला वाटलं, चला, गाडं हललं. तर पुढच्या रविवारी त्यांना कुणीतरी सांगितलं की टायरच्या रुंदीवर सगळं अवलंबून असतं. त्यांनी माझ्याकडे टेप मागितली. मी दिली नाही, तर सायकलवाल्याची घेतली.

दर रविवारी दुपारी भिंगरी चिखलाने माखून घरी यायची आणि दारातूनच विचारायची, "घेतली?"

"बघतोय," भावोजी म्हणायचे.

"बरं," ती म्हणायची आणि न्हाणीत जायची.

मी खूप बोलले. ताई बोलली. भावोजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अगं, जन्मात एकदाच घ्यायची गोष्ट आहे. चुकायला नको." रोज रात्री फोनवर सायकलींची माहिती वाचून त्यांनी असा काही कीस पाडला की पुढच्या स्प्रिंगाविषयी ते माझ्याशी जेवणाच्या ताटावर बोलायला लागले. भात कालवता कालवता मला कळत होतं की स्प्रिंग लोखंडाचं असतं आणि हवेचंही असतं, आणि हवेचं आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येतं. मी म्हटलं, "भावोजी, माझं वजन काढू नका."

मग एका रविवारी भिंगरी आली, दारात बूट काढले, आम्हा सगळ्यांकडे बघून हसली आणि न्हाणीत गेली. काही विचारलंच नाही.

भावोजी वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. पण माझ्या आलं, आणि माझं डोकं असं फिरलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळली. पोरीने आस सोडली होती. शाळेच्या शर्यतींनंतर ती जशी एका वर्षी प्रेक्षकांत बघायची थांबली, तशीच.

त्याच आठवड्यात तिच्या कंपनीचा फोन आला. महिनाअखेरीला नाही, येत्या बुधवारी हजर व्हा. म्हणजे एकच रविवार हातात राहिला. शनिवारी संध्याकाळी मी बाकावरच्या गिऱ्हाइकांना सोमवारी या म्हणून घालवलं, दिवे बंद केले आणि भावोजींच्या अंगावर त्यांचा कोट टाकला.

सायकलवाल्याने आम्हाला येताना पाहिलं आणि न बोलता दोन सायकली पुढे काढून ठेवल्या. एक निळी, एक करडी. दोन्ही मधल्या मापाच्या, दोन्हींचे ब्रेक तेलाचे, दोन्हींना पुढे दात्यांचं एकच चाक. निळीचं स्प्रिंग हवेचं, करडीचे टायर जरा रुंद. भावोजी निळीवरून फेरी मारून आले. करडीवरून आले. पुन्हा निळी, पुन्हा करडी. बाहेर अंधार पडायला लागला होता. करडीवरून उतरून, हँडल हातात धरूनच ते म्हणाले, "काय करावं गं? मला तर दोन्ही सारख्याच वाटायला लागल्या."

मी ओरडणार होते, ताईने त्यासाठीच पाठवलं होतं. पण का कोण जाणे, तोंडातून आवाज निघाला तो साधाच.

"भावोजी, आपल्याकडे गिऱ्हाईक असं म्हणालं की तुम्ही काय करता?"

"कसं?"

"दोन्ही सारखंच दिसतंय, असं."

हे उत्तर मला तोंडपाठ होतं. काउंटरवर बसून इतकी वर्षं मी दुसरं ऐकलंय काय? माणूस घाबरत घाबरत सांगतो, डॉक्टर, मला आता फरकच कळत नाहीये, काहीतरी चुकतंय का माझं? आणि आतून भावोजी म्हणतात, काही चुकत नाही, सारखं दिसायला लागलं म्हणजे नंबर आला, उठा.

"थांबतो," भावोजी हळूच म्हणाले. "नंबर लिहितो."

"मग?"

"आणि चुकली तर?"

"तर दिसेल उद्या टेकडीवर. पण उद्या दिसेल. परवा भिंगरी सामान बांधायला घेईल."

त्यांनी खाली हातातल्या हँडलकडे बघितलं. "मग हीच," ते म्हणाले.

"करडीच का?" सायकलवाल्याला राहवलं नाही.

"ही हातात आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे बापलेक गेले. भिंगरीने त्यांना आपलं जुनं हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली ओढून बसवला, एखाद्या लहान मुलाचा बसवावा तसा. ताई आणि मी दारात उभ्या होतो. दुपार उलटली तरी पत्ता नाही. ताईचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी आले. भावोजींचं कोपर सोललेलं, चष्म्याची एक काडी वाकडी, कपाळापर्यंत चिखल. त्यांचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"मग?" मी विचारलं. "कशी निघाली सायकल? करडीच बरी ना?"

भावोजींनी जरा आठवून पाहिलं. "खरं सांगू? सायकलीकडे लक्षच गेलं नाही. ही पुढे होती. सबंध वाटभर हिची पाठ दिसत होती, तेवढीच बघत गेलो."

"आणि मी प्रत्येक वळणावर थांबून वाट बघत होते," भिंगरी न्हाणीतून म्हणाली. "मावशी, बाबा उतारावर इतके हळू येतात ना, मला डुलकी लागायची."

भावोजी हसले. मी आत जाऊन डोळे पुसले. मला रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मंगळवारी ती गेली. भिंतीवरचे दोन पट्टे अजून तसेच आहेत, त्यांचं कधी काही होईल असं मला वाटत नाही. पण करडी सायकल दर रविवारी बाहेर निघते. दुपारी भिंगरीचा फोन येतो, तो भावोजी स्पीकरवर लावतात, म्हणून सगळ्यांना ऐकू येतो.

"बाबा, गेला होतात?" परवा तिने विचारलं.

"जाऊन आलो."

"एवढा वेळ? दोनदा फोन केला मी."

"त्या तुझ्या वळणांवर थांबत होतो जरा," भावोजी म्हणाले. "तू थांबायचीस ना, तिथे."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग भिंगरी म्हणाली, "पुढच्या महिन्यात येतेय मी. रविवार धरून."