जिवनबाईसमोर न बोलायचा शब्द

हट्ट्याजवळच्या तांड्यावर वीज येते, जाते. पण जिवनबाईच्या दारात 'लाईन आली' असं कुणी म्हणत नाही. तिथं 'उजेड आला' म्हणायचं. शेजारच्या सोजराबाईनं तर नव्या सुनेला चूल दाखवायच्या आधी हे शिकवलं.

लेक रीता शाळेत होती तेव्हाची गोष्ट. जिवनबाईचा नवरा धनसिंग डीपीवर फ्यूज टाकायला चढला. लाईन गेलीय, चढ बिनधास्त, असं खालून कुणीतरी सांगितलं. तो वर असतानाच ती आली. तेव्हापासून तांड्यानं तो शब्द तिच्यापुरता गिळला.

पण शब्द असा थोडाच हटतो? रेशनला लाईन, वसमतच्या दवाखान्यात लाईन. फोनवर बहीण म्हणायची, लाईन धरून ठेव. पेरणीत दीर ट्रॅक्टरवाल्याला रागवायचा, लाईन वाकडी चालली. पाणवठ्यावर पोरी कुजबुजायच्या, अमका तमकीला लाईन मारून राहिला. दर वेळी जिवनबाईचा हात कामात अडखळायचा.

आणि आता तो घरातच शिरला. रीतानं आयटीआयला विजेचं काम शिकायला घेतलं, तेव्हा पोरगी पंखे-मोटारी दुरुस्त करील, असं आईला वाटलं होतं. नोकरी लागल्यावर कळलं, काम लाईनमनचं, तिला खांबावर चढायचंय. जिवनबाई नाही म्हणाली आणि तिनं लेकीशी बोलणंच टाकलं. रुजू व्हायचा दिवस उद्यावर आला.

संध्याकाळी ती तव्यावर जवस भाजत होती. रीता शेजारी टेकली, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले आणि आपणहून बोलू लागली. तो इंग्रजी शब्द मुळात ह्याच झाडाचा, असं तिनं मोबाईलवर वाचलं होतं. जवसाच्या काडीतून धागा निघायचा. तो ताणून लोक सरळ रेघ आखायचे. मग रेघेला तेच नाव पडलं, रांगेला पडलं, शेवटी तारेलाही.

जिवनबाई दाणे हलवत राहिली. तडतड थांबल्यावर म्हणाली, "म्हंजी सूतच की ते."

"व्हय, याडी," रीता आईला म्हणाली.

"सुतानं न्हाई मारलं तुझ्या बापाला." तिनं तवा उतरवला. "लोकांच्या सांगन्यावर चढला. खाली स्विच पाडायचा, तेवढं बी केलं न्हाई. म्या त्याला कधी बोल लावला न्हाई. शब्दालाच लावत बसले."

रीतानं लसूण सोलून दिला. आईनं जवसात लसूण, मिरची, मीठ घातलं आणि कुटायला घेतलं.

सकाळी औंढ्याच्या एसटीला निघताना जिवनबाईनं चटणीचा डबा तिच्या पिशवीत घातला. सोजराबाई अंगण झाडत होती.

"गेलेल्या लाईनचा भरवसा धरू नको," जिवनबाई मोठ्यानं म्हणाली. "लाईन आपल्या हातानं बंद करायची. मंगच चढायचं."

सोजराबाईचा झाडू थांबला.