पानिपत राहिलं बाजूला

पत्रकात मी लिहिलं होतं, 'आता गप्प बसलो तर आपल्या पोरींच्या शिक्षणाचं पानिपत होईल.' लाखांदूरहून आमच्या गावाला यायची शेवटची गाडी चारची, आणि कॉलेज सुटायचं पाचला. शेवटचा तास प्रयोगशाळेचा. माझ्या बहिणीनं बारावीत जाऊनही परीक्षानळी फक्त पुस्तकात पाहिली होती. माझं डोकं तापलं आणि मी जुलैत मोर्चा ठरवला.

जुलैत धानाची रोवणी असते, हे मला ठाऊक होतं. पण अन्याय रोवणी बघून होत नाही, असंही मी छापून बसलो होतो.

चाळीस जण निघालो. पहिल्याच बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, एका काकांनी हाक मारली, "बापू, रोवायचे पऱ्हे उपटून ठेवले आहेत, वाळून जातीन. दोन बाया दे ना."

दोघी उतरल्या. पुढच्या शेताशी मोर्चातल्याच एक मावशी म्हणाल्या, "तू चाल समोर. आमी एवढी बांधी लावतो अन् येतो."

मी घोषणा देत राहिलो. मागचा आवाज बारीक होत गेला, तो मला वाटलं दमल्यामुळे. लाखांदुरात पोचलो तेव्हा फलकाची एक काठी माझ्या हातात होती, दुसरी बहिणीच्या.

एसटीच्या साहेबांनी विचारलं, "मोर्चा कुठे आहे?"

बहीण म्हणाली, "रोवून राहिला."

त्यानंतर गावात कोणाची क्रिकेटची टीम पाच जणांनिशी सामन्याला पोचली, की 'लाखांदूर झालं.' वरातीतले निम्मे वाटेत जेवायला बसले, तरी 'लाखांदूर झालं.' पानटपरीवर मी चिडून म्हणालो, अशा फजितीला मराठीत पानिपत म्हणतात. एक आजोबा शांतपणे बोलले, "पानिपतले माणसं पोचले तरी होते ना."

रोवणी आटोपायच्या दिवशी मावशीच आल्या. "आता काढ तुहा मोर्चा."

"पत्रक छापतो."

"कायले? मंग पुन्हा लाखांदूर होते."

शेवटची बांधी लावून बाया गुडघाभर चिखलानिशी थेट लाखांदूरला गेल्या आणि साहेबांच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बसल्या. फरशी वाळायच्या आत साडेपाचची गाडी मंजूर झाली.

पहिल्या दिवशी मी थांब्यावर उभा होतो. बहीण उतरली, ओढणीला जळून भोक पडलेलं, चेहरा खुललेला.

"प्रयोग कसा झाला?"

"नळीच फुटली," ती म्हणाली. "लाखांदूर झालं."

उद्या पुन्हा करणार होती.