एकोणचाळीस सालचा रुपया

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. पलूसला जायचं म्हटलं की तुमचा चेहरा का उतरतो, असं बायको कितीदा विचारते — तिलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हणमंताला ओळखत नाही.

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान होतं. छंद एकच, ब्रिटिश राजाराणींची नाणी. व्हिक्टोरिया राणीपासून सहाव्या जॉर्जपर्यंत चांदीचे रुपये मी सालवार लावले होते. एक साल राहिलं होतं — एकोणचाळीस. त्या सालचे रुपये बाजारात आलेच फार थोडे. आम्हा नाणी जमवणाऱ्यांतली कितीतरी माणसं तो हातात न धरताच गेली. मला तो किती हवा होता? आता सांगताना लाज वाटते, इतका.

हणमंता पलूसचा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. साताऱ्याच्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात आमची ओळख झाली, मैत्री जडली. तो नुसता हौसेनं जमवायचा. एखादं नाणं खरं की खोटं, ते माझ्यावर सोडायचा.

त्याचे वडील वारले, तेव्हा देव्हाऱ्यात एक रुपया निघाला. वडील लढाईवर निघाले त्या दिवशी त्यांच्या आईनं हातावर ठेवलेला. परत आल्यावर त्यांनी तो जन्मभर पुजला. हणमंता तो घेऊन थेट दुकानात आला.

मी भिंगाखाली धरला. साल एकोणचाळीस. कड पाहिली, वजन केलं, अक्षरं पुन्हा पुन्हा पाहिली. खरा होता — अगदी खरा. आणि मी काय म्हणालो?

"खोटा आहे, हणमंता. साच्यात ओतलेला."

का म्हणालो? मला वाटलं, तो म्हणेल, मग राहू दे तुझ्याकडंच. त्या एका वाक्यासाठी मी हात पुढं करून उभा होतो.

तो तसं म्हणाला नाही. रुपया माझ्या हातातून घेतला. "म्हंजी आज्जीला कुनीतरी फसवलं म्हन की," तो म्हणाला. "आन म्हातारा जलमभर पुजत बसला." रुपया खिशात घालून निघून गेला. मी त्याला हाक मारली का? दारापर्यंत गेलो — नाही मारली. मारली असती, तर खोटं का बोललो तेही सांगावं लागलं असतं.

पुढं दिवाळी झाल्यावर पलूसला गेलो. सांगायचंच, असं ठरवून. मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलला. रुपया सोनाराकडं देऊन आटवला होता, सुनेला जोडवी केली होती.

"सोनार म्हनला, चांदी चोख हाय. म्हनलं, तेवढं तरी खरं निगालं."

सून चहा घेऊन आली. मी तिच्या पायांकडं पाहिलं नाही.

निघताना त्यानं आपली सगळी नाणी एका डब्यात घालून माझ्यापुढं ठेवली. आपल्याला यातलं काही कळत नाही, म्हणाला. मी नको म्हणालो असेन, असं तुम्हाला वाटेल. मी डबा घेतला.

अजून अधूनमधून जातो त्याच्याकडं. गावात कुणाला जुनं नाणं सापडलं, की हणमंता त्याला माझ्याकडं पाठवतो. "ह्यांस्नी दावा," म्हणतो. "ह्यांची नजर कवा चुकायची न्हाई." मी ते नाणं हातात घेतो आणि खरं की खोटं ते सांगतो.

हणमंता धडधाकट आहे. सांगायला अजून वेळ आहे — आणि मी सांगणार नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे.