पट्टा नुसता छातीवरून

सीटबेल्ट न लावता लावल्यासारखा दाखवण्याची कला पुण्याला मीच शिकवली, असा तेव्हा माझा दावा होता. हिंजवडीत काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीत मी नोकरीला होतो. कंपनीच्या गाडीत पुढची सीट माझी. चौकात हवालदार दिसला की मी पट्टा छातीवरून ओढून टोक मांडीखाली दाबायचो आणि चेहरा असा साळसूद करायचो की त्यानंच मला नमस्कार करावा. चौक गेला की पट्टा सुर्रकन मागे. मागच्या तिघांच्या टाळ्या ठरलेल्या.

गाडी चालवणारे मामा लोणी काळभोरचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. ते पट्टा खरोखर अडकवायचे. मी रोज छेडायचो, "काय मामा, विमान उडवताय का?"

"कंपनीचा नियम हाय साहेब. गेटचा पास गेला तर गाडी घरच्या दारात उभी ऱ्हाईल."

"अहो, नुसता दिसला की झालं! अडकवलाय का, हे वाकून कोण बघतंय?"

आठवडाभर मी पिच्छा सोडला नाही. शेवटी एका सकाळी त्यांनी लाजत टोक मांडीखाली सारलं आणि मी बसल्या जागी वन्स मोअर दिला. मग तीच सवय झाली.

पुढे कंपनीत सीटबेल्टचा प्रचार सुरू झाला. नाटकवाला म्हणून गेटवर कर्णा घेऊन उभा कोण? मीच! घोषणा, गुलाबाची फुलं, भोवती नव्या पोरापोरींची गर्दी. सुरक्षा अधिकारी खिडकीतून हात घालून प्रत्येक पट्टा ओढून बघणार होते. आदल्या दिवशीच्या बैठकीत मी त्याला उत्साहानं मान डोलावली होती. मामांना सांगायचं मात्र साफ विसरलो.

त्यांची गाडी आली. अधिकाऱ्यांनी ओढला आणि पट्टा सुटा हातात आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो तसं. आणि मी कर्णा तोंडाला लावला: "मंडळी, हा पट्टा नव्हे, हे उपरणं!"

काय हशा पिकला! तसा हशा मला रंगमंचावर कधी मिळाला नाही. मामांनी पास काढून दिला. माझं नाव घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी प्रशासनाच्या खोलीत गेलो. "त्यांना ते मी शिकवलं होतं," म्हणालो.

तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं? मग तेवढं लेखी द्या. त्यांचा पास परत देता येईल. एक प्रत आपल्या साहेबांकडे जाईल." आणि कोरा कागद पुढे सरकवला.

अमेरिकेला पाठवायच्या लोकांची यादी त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होती. तीत मी होतो.

"बघतो," मी म्हणालो.

"बघा. आम्ही साडेपाचपर्यंत असतो."

मी गेलो नाही. मामा पुन्हा त्या गेटवर दिसले नाहीत. हा किस्सा मी पुढे कितीतरी मैफलींत रंगवून सांगितला, पण दर वेळी उपरण्याच्या हशावर थांबवला. कोऱ्या कागदापर्यंत आज पहिल्यांदा आलो आहे.