चिकलठाण्याच्या तीन वाट्या

नाशिकहून एसटीत बसले तेव्हा पिशवीत दादासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. येवल्यापर्यंत ती शहाण्यासारखी वागली. वैजापूरच्या पुढे झाकणाने दगा दिला आणि गाडीभर हिंग-मोहरीचा वास सुटला.

"काय बाई, अख्खी गाडी जेवायला बसवता का?" शेजारच्या आजोबांनी विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

छत्रपती संभाजीनगरच्या स्टँडवर दादा उभाच होता. गळणारी पिशवी त्याने खांद्याला लावली आणि "एवढंच सामान?" म्हणाला. रिक्षावाल्याने वळून नाक मुरडलं, दादाला मात्र पत्ताच नव्हता. गेल्या वर्षी तापात त्याला वास येईनासा झाला, हे मी फोनवर ऐकलं होतं. खरं वाटलं ते तेव्हा.

असं कुणाचंही झालं तरी वाईटच, पण माझा भाऊ बीअर बनवतो. चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यात बीअर त्याच्या नाकावर ठरते. आमची आई शेवटपर्यंत शेजारणींना 'तो केमिकलमध्ये आहे' असंच सांगायची.

गारखेड्याला घरी पोचलो. वहिनीने येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ लावून केलेली) केली होती. मी दोनदा मागून घेतली. दादा जेवला, पण औषध घेतल्यासारखा.

"तिखट आहे एवढं कळतं," तो म्हणाला. "बाकी नुसतं गरम पाणी." वहिनी वाढत राहिली.

मग त्याने मला बोलावण्याचं कारण सांगितलं. कारखान्यात नवी बीअर करायची होती. वास परत आला असेल तर तुम्हीच करा, नाहीतर नवा माणूस घेतो, असं मालक म्हणाले होते. "सुमे, हल्ली काहीतरी येतंय असं वाटतंय मला. आज बघतोच. तू सोबत ऱ्हा, बस."

जेवून कारखान्याकडे निघालो तेव्हा जालना रोडला मोसंबीच्या हातगाड्या लागल्या होत्या. विमानतळ मागे पडला, मग जुन्या शेड आणि त्यांच्या अंगावर आलेल्या नव्या इमारती. दादा वाटभर हॉप्सबद्दल बोलत होता. हॉप्स म्हणजे थंड मुलुखातल्या एका वेलीची फुलं. आपल्याकडे ती दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात येतात. बीअरचा कडवटपणा त्यांचा आणि सुगंधही त्यांचाच. इतका खुशीत तो मला कैक दिवसांत दिसला नव्हता.

हॉप्सची खोली सलीमभाईंच्या ताब्यात. ते दादाचे जुने सोबती. हॉप्सचा वास घेतात, बीअर ओठाला लावत नाहीत. "अपना काम नाक तक, बाजी," ते मला हसून म्हणाले (बाजी म्हणजे ताई) आणि दादाची नेहमीची खुर्ची त्यांनी पाहुणी म्हणून मला दिली. दादा टेबलाच्या पलीकडे बसला.

सलीमभाईंनी माझ्या बाजूला उभं राहून डावीकडून हॉप्सच्या तीन जातींच्या तीन वाट्या मांडल्या. रीत अशी की चिमूटभर हॉप्स तळहातावर चोळायचे आणि ऊब आली की ओंजळीत नाक घालायचं. आधी मी घेतला. पहिली वाटी साझची, तिला ओल्या गवताचा आणि किंचित ओव्याचा वास. मधली फगल, तिला पाचोळ्याखालच्या मातीचा. तिसरी कॅस्केड, अगदी नुकत्या सोललेल्या मोसंबीची साल.

मग दादा. त्याने त्याच्या डावीकडून सुरुवात केली. पहिल्या वाटीतले चोळले, हुंगले, नाही म्हणून मान हलवली आणि वाटी बाजूला सारली. दुसऱ्या वाटीला "माती... हां, जराशी," म्हणाला. तिसरीला त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा ते भरले होते.

"मोसंबी! सलीमभाई, मोसंबी आली! लई दिवसांनी आली!"

सलीमभाई "मुबारक हो..." म्हणाले आणि मध्येच थांबले. दादा समोरच्या बाजूला बसला होता, म्हणून त्याची तिसरी वाटी ती माझी पहिली. ती साझ होती. मोसंबीची वाटी तर त्याने मान हलवून बाजूला सारली होती. वर्षानुवर्षं ज्या क्रमाने वाट्या त्याच्यापुढे आल्या, त्या क्रमाने त्याला वास आले होते.

दादा मालकांना फोन लावायला खिशात हात घालत होता. सलीमभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मेरेसे नै होता, बाजी. आप बोलो."

उद्या याच्या हातून बीअरचा सगळा घाणा बिघडला असता आणि चारचौघांत त्याची शोभा झाली असती. मी म्हणाले, "दादा, वाट्या तुझ्याकडून उलट्या आहेत. ती साझ आहे."

त्याने वाट्यांकडे पाहिलं, माझ्या खुर्चीकडे पाहिलं. फोन टेबलावर ठेवला.

"पण मला आला होता ना गं वास," तो म्हणाला.

मग तो सलीमभाईंना म्हणाला, "नव्या माणसाला सांगा, कॅस्केड आच बंद केल्यावरच टाक म्हणावं. आधी टाकली की नुसती कडू होती, वास सगळा वाफेवर जातो." सलीमभाईंनी फक्त मान डोलावली आणि पाठ फिरवून वाट्या धुवायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. दादा स्टँडवर आला, पाण्याची बाटली दिली, पोचल्यावर फोन कर म्हणाला. गाडी वैजापूरला येईपर्यंत मी रडत होते. खरं बोलल्याने मन हलकं होतं म्हणतात, माझं झालं नाही. मालकांना उद्या सांग, एवढंच म्हणून ती संध्याकाळ मी त्याला त्याच्या मोसंबीसोबत काढू दिली असती, तर कुणाचं काय गेलं असतं?