माझा मोबाईल अन् पटलेभाऊंचा टीव्ही

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. घोट तोंडात असला तर ठसका लागेल, अन् त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो: तुम्ही हसाल, मी हसणार नाही. मला आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

आम्ही राहतो कुडव्याला. गोंदियात माझं चष्म्याचं दुकान. आमच्या अन् पटलेभाऊंच्या घरात एकच भिंत. एकच म्हणजे खरंच एकच! इकडे मी शिंकलो की तिकडून पटलेवहिनी ओरडतात, "वाफ घेतली काय जी?"

दिवाळीत पटलेभाऊंनी मोठा टीव्ही आणला. आता शेजाऱ्याकडे मोठा टीव्ही आला की आपला आपोआप लहान होतो की नाही? आमचा तर पोळपाटाएवढा दिसायला लागला. गेलो मी त्याच दुकानात. म्हटलं, "भैया, पटलेजी जो ले गये ना, वही दो." दुकानदार म्हणाला, "उससे बड़ा दिखाऊँ?" त्याहून मोठा आमच्या भिंतीवर मावत नव्हता, नाहीतर माझा काही भरवसा नव्हता.

म्हणजे टीव्ही तोच, कंपनी तीच, अन् भिंतही तीच. त्यांचा पलीकडून टांगलेला, आमचा अलीकडून. दोघं जण पाठीला पाठ लावून बसल्यासारखे.

पटलेभाऊंची सोनल लग्नाची. तिला पाहायला रविवारी तिरोड्याचे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी पटलेभाऊ घरी आले. दारातच उभे. बसा म्हटलं तर बसेनात.

"भाऊ, उद्या तुमी माझ्या बाजूले बसा. माझा मोठा भाऊ असता तर त्याले बसवलं असतं. तो तर गेला. आता तुमीच."

सांगा, यावर कोणी नाही म्हणेल? मी म्हटलं!

कारण काय, तर पटलेभाऊ एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. आठवड्यातला एक रविवारच माझा. त्यात केशोरीहून माझा साळा गजानन भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवणार होता. त्या वरातीत मी नाचलो होतो. नाचलो म्हणजे असा की बँडवालेच थांबून पाहत होते. आता ते सगळं स्वतःच्या मोठ्या टीव्हीवर पाहायचं सोडून मी पाहुण्यांसमोर "पोहे घ्या, पोहे घ्या" करत बसू?

मी कमरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं. "आलो असतो भाऊ, पण कंबर धरली. उठता येत नाही, बसता येत नाही."

"अरे बापा! मंग नोका येऊ. आराम करा," पटलेभाऊ म्हणाले. चेहरा पडला होता, पण आवाजात माझीच काळजी. थोड्या वेळानं पटलेवहिनींनी वाटीभर मोहाच्या बियांचं तेल कोमट करून पाठवलं. कमरेला चोळायला.

माझ्या बायकोनं, वंदनानं, ती वाटी माझ्यासमोर आदळली. "लाज नाही वाटत? दुखत काहीच नाही, अन् तेल चोळून राहिले!"

"फुकट काऊन घालवायचं?" मी म्हटलं. असा मी.

रविवारी पाहुणे यायच्या आधीच वंदना पटलेवहिनींच्या मदतीला गेली. मी घरी एकटा. फाटकापाशी गाडी थांबली तशी पडदा सरकवून हळूच पाहिलं. मुलाचा बाप उतरला. काय सांगू, एवढी मोठी मिशी मी जन्मात पाहिली नव्हती! पाहुणे आत गेले, मी पडदा सोडला, लोडाला टेकलो अन् गजाननचा व्हिडिओ उघडला.

आता मोबाईलचं चित्र टीव्हीवर कसं न्यायचं, तर वायरबियर काही लागत नाही. मोबाईलवर बटण दाबायचं, टीव्हीचं नाव येतं, त्या नावावर बोट ठेवायचं, झालं. दुकानदारानं दाखवलं होतं. मी बटण दाबलं. नाव आलं. पण दोनदा आलं. एकाखाली एक, सारखंच नाव! मी म्हटलं, मोबाईल हँग होऊन राहिला. वरच्यावर बोट ठेवलं.

दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढणारा माणूस मी. पण एकाखाली एक दोन टीव्ही दिसले, तेव्हा मला एक आपला अन् एक दुसऱ्याचा हे काही दिसलं नाही.

थोडा वेळ चाक फिरलं. मग मोबाईल म्हणाला, जोडलं गेलं. मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही आपला ढिम्म, निळा.

म्हटलं, येईल. नवा आहे, लाजत असेल. मी व्हिडिओ सुरू केला. मोबाईलवर मी नाचताना दिसतोय, पण आवाज नाही. आवाज वाढवला. नाही. पूर्ण वाढवला. तरी नाही! तेवढ्यात पटलेभाऊंकडून बँडचा दणका ऐकू आला. म्हटलं, वा! पाहुण्यांसाठी गाणी लावली वाटतं. अन् गाणंही आमच्या वरातीतलंच! आजकाल सगळीकडे तेच वाजते, दुसरं काय?

मी व्हिडिओ बंद केला. तिकडचं गाणं बंद झालं.

पुन्हा सुरू केला. तिकडे पुन्हा गाणं!

तुम्हाला कळलं ना? तुम्हाला लगेच कळलं. मला नाही कळलं. मी मनात म्हटलं, पटलेभाऊंची लाईट जाऊन-येऊन राहिली.

एवढ्यात वंदनाचा फोन. आता माझ्या मोबाईलात तिचं नाव 'नागझिऱ्याची वाघीण' असं टाकलेलं आहे. सोबत तिचा फोटो, त्यात ती डोळे वटारून भाजीवाल्याशी भांडतेय. मी फोन कापला. तिनं परत लावला. मी परत कापला. पोहे आणू का विचारत असेल, म्हटलं, मग पाहू. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी वैतागून मोठ्यानं म्हटलं, "अवं, माणसाले शांततेत बसू दे ना!"

फोन थांबला अन् व्हॉट्सअॅपवर गजानन उगवला. 'भाऊजी, शेजारी पाहुणे येणार होते ना? गेले नाही काय?'

टाईप करायचा मला कंटाळा. मी मोबाईल तोंडाजवळ धरला अन् बोललो. जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. कसं विसरेन?

"नाही गा गजा, नाही गेलो. कंबर धरली म्हणून सांगून दिलं. पटलेभाऊ एकदा सुरू झाले की त्यायचं बटण कुठं आहे ते कोणालेच माहीत नाही. बोलावलं पोरगी पाहायले, पण दिवसभर बापच पाहावा लागते! अन् त्या मुलाच्या बापाची मिशी काय सांगू तुले! आधी मिशी फाटकातून आत आली, माणूस मागून आला. पण पोरगी सोनं आहे गा. तुझ्या बहिणीले टायफाईड झाला तवा हिनंच आमचं घर सांभाळलं, आपल्या आईचं सांभाळावं तसं. त्या मिशीवाल्याच्या घरात जाईल तर त्याचं नशीब!"

पाठवलं. आता मला सवय अशी की पाठवलेलं एकदा ऐकून पाहतो. आपला आवाज आपल्याला गोड लागतो, तुम्हालाही लागत असेल. बोट ठेवलं. आवाज नाही. कानाला लावलं. नाही. पुन्हा पहिल्यापासून लावलं. अन् तेव्हा, देवा शपथ सांगतो, भिंतीतून आवाज आला.

"...पटलेभाऊ एकदा सुरू झाले की..."

मी मोबाईलकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कोणीतरी माझ्यासारखंच बोलत होतं. माझ्याच आवाजात. माझेच शब्द!

 अन् मी केलं काय? धावत जाऊन आमचा टीव्ही बंद केला. प्लग उपटला! भिंत म्हणाली, "...आधी मिशी फाटकातून आत आली..." मी मोबाईल उशीखाली कोंबला अन् उशीवर बसलो. भिंत बोलतच राहिली. शेवटी उशी फेकली अन् मोबाईलच बंद केला. तोपर्यंत माझं सगळं म्हणणं सांगून झालं होतं.

 पलीकडून हसण्याचा आवाज आला असता तरी बरं वाटलं असतं. साधी कपबशी वाजली नाही.

मग आमचं दार उघडलं. वंदना उभी होती. ती ओरडली नाही. तीस वर्षांच्या संसारात ती ओरडली नाही म्हणून मी पहिल्यांदाच घाबरलो.

"तुमाले बोलावलं," एवढंच म्हणाली.

"सगळं दिसलं?"

"टीव्हीनं विचारलं, जोडू काय? तर पटलेभाऊच्या म्हाताऱ्या बापानं, आबानं, रिमोट घेतला अन् हो म्हणून दाबलं. त्यायले वाटलं, पाहुण्यायनं फोटो आणले. मंग तुमचा नाच दिसला. दोनदा. पटलेभाऊ तिकडं सांगून राहिले होते, आमच्या शेजाऱ्याले उठता येत नाही बिचाऱ्याले, अन् तुमी टीव्हीवर उड्या मारून राहिले! मी फोन करून राहिली, तर तिथं माझा फोटो." तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "वाघीण काय?"

मी चपला पायात सरकवल्या.

आमच्या दारापासून पटलेभाऊंचं दार पाच-सात पावलांवर. त्या दिवशी ते नागपूरपेक्षा लांब वाटलं. निघालो तर हात आपोआप कमरेवर गेला अन् मी लंगडायला लागलो. मग आठवलं, अरे, नाच तर सगळ्यांनी पाहिला! सरळ चाललो. मग वाटलं, एकदम सरळ चालणंही बेशरमपणाचं दिसेल. म्हणून अर्धा वाकून, अर्धा सरळ, असा आत शिरलो.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मोठ्या टीव्हीवर काही नव्हतं. पोह्यांच्या प्लेटा तशाच. सोनल चहाचा ट्रे धरून दारात उभी. पटलेभाऊ खुर्चीच्या कडेला बसले होते, मान खाली. हा माणूस कधी गप्प राहत नाही हो! अन् त्या दिवशी एक शब्द नाही. मी पाहुण्यांना हात जोडले, मग पटलेभाऊंकडे वळलो.

"भाऊ, चुकलं माझं."

पटलेभाऊ खालीच पाहत म्हणाले, "मी लय बोलतो, मले माहीत आहे भाऊ. पाहुणे आले की मले भीती वाटते. गप्प बसलो तर अजून वाटते. म्हणूनच तुमाले म्हटलं होतं, बाजूले बसा."

बस. यानंतर मला तिथं उभं राहवत नव्हतं. कोणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मोठ्या भावाच्या जागी बसवत होता तो माणूस मला, अन् मी त्याच्या घरचं तेल चोळून घरी लोळत होतो. डोळ्यात पाणी आलं, पुसायचीही हिंमत झाली नाही.

मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. मिशी हलली. मी डोळे मिटले.

"तुमचं नाव काय जी?"

"डोंगरवार," मी पुटपुटलो.

"डोंगरवारजी, आमी तिरोड्याहून निघालो तवापासून एकच विचार करून राहिलो होतो. मुलीबद्दल खरं कोण सांगंल? बाप तर चांगलंच सांगते. नातेवाईक शिकवलेलं सांगते. अन् तुमी तर इथं कोणालेच सोडलं नाही. पटलेजींले सोडलं नाही, मले सोडलं नाही, घरच्या बाईले सोडलं नाही. पण पोरीबद्दल चांगलंच निघालं तोंडातून. ते बी आमी ऐकून राहिलो हे माहीत नसताना." ते पटलेभाऊंकडे वळले. "पटलेजी, आमाले मुलगी पसंत आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा."

पटलेभाऊंनी मान वर केली. सोनलकडे पाहिलं. तिनं हळूच होकाराची मान डोलावली. अन् मग पटलेभाऊ जे बोलायला लागले! तांदूळ, पाऊस, रस्ते, आबांचं ऑपरेशन, सोनलची दहावी. मी त्यांच्या बाजूला बसलो होतो. शेवटपर्यंत बसलो. एकदाही घड्याळ पाहिलं नाही. पाहुणे हसत होते. मिशीवाले पाहुणे तर उठताना मलाच म्हणाले, "आधी मिशी जाते, मी मागून येतो."

हसले सगळे. मी मान खाली घालून चपला शोधत होतो.

तुम्ही म्हणाल, झालं ना चांगलं? लग्न जमलं, मग लाज कायची? नाही हो. पटलेभाऊ आता माझ्याशी बोलताना मध्येच थांबतात. विचारतात, "जास्त तर नाही ना होऊन राहिलं, भाऊ?" त्यांनी असं विचारलं की मला भिंतीत शिरावंसं वाटतं. मी म्हणतो, "बोला ना भाऊ, बोला." ते बोलतात, अन् मी ऐकतो.

तर लग्न लागलं. गोंदियातच, मोठ्या लॉनवर. स्टेजच्या बाजूला फोटोवाल्यानं भिंतीएवढा स्क्रीन लावला होता. नवरा-नवरी मोठे मोठे दिसत होते. मी पंगतीत जेवत होतो. तेवढ्यात स्क्रीन एकदम फडफडला अन् काळा झाला.

पुढच्या क्षणाला अख्खा मांडव वळला. स्क्रीनकडे नाही हो, माझ्याकडे! तिरोड्याची माणसं, कुडव्याची माणसं, आबा, नवरदेवसुद्धा. मी हातातला घास पत्रावळीवर टाकला अन् दोन्ही हात वर केले.

अन् बायकांच्या पंगतीतून वंदनाचा आवाज आला, "घाबरू नोका! त्यायचा मोबाईल माझ्यापाशी आहे!"