छत्रीतला भंडारा

तासगावच्या पुढे माळावर आमच्या एसटीचं टायर बसलं, म्हणून तो माणूस मला भेटला. बांगलादेशाची लढाई नुकतीच संपली होती आणि तो मिलिटरीतून रजेवर आला होता. मेंढरांशेजारी उकिडवा बसून तो पुठ्ठ्याच्या रॉकेटची टोपी नळीला बांधत होता. बांधायला चड्डीचं इलॅस्टिक आणि त्यालाच जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट. प्रत्येक गाठ तो दातात धरून ओढून बघायचा आणि स्वतःशीच मान डोलवायचा.

“मागच्या बारीला सुतळी लावली, ती झटक्यानं तुटली. टोपी एकीकडं, धड एकीकडं,” तो म्हणाला. “उद्या रजा संपती. आज नीट उतरायला पायजे.”

मग त्याने कमरेची पिशवी सोडली आणि पॅराशूटच्या घड्यांत देवाचा भंडारा भुरभुरला.

“नवस आहे का?” मी विचारलं.

“न्हाई वं. घड्या चिकटत न्हाईत. आन् देवाला बी जरा वर जायाला मिळतं.”

रॉकेट सुटलं. सगळी एसटी माना वर करून उभी. वर फट्ट आवाज झाला आणि आभाळात हळदीचा ढग उमलला. त्याखाली टोपी आणि नळी एकमेकींना धरून झोके घेत उतरू लागल्या. तो चपला टाकून त्यांच्यामागे धावला आणि मेंढरं त्याच्यामागे.

घरी पोचलो तेव्हा माझ्या कपाळाकडे बघून बायकोने विचारलं, “कुठल्या देवाला जाऊन आलात?”

“गेलो नाही,” मी म्हणालो, “देवच खाली आला, छत्री धरून.”